पाना मालकाचा, धूर सर्वांचा

माझा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात नोकरी करतो. अधूनमधून त्याचा दूरध्वनी येतो आणि बोलणे बहुधा तिकडची महागाई, घरभाडे आणि इकडचे निकाल यांभोवती फिरते. या वेळी मात्र तो जवळजवळ तासभर बोलला ते एका लोखंडी नळीविषयी. त्याने १९९४ सालची एक जुनी माझदा मियाता ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार विकत घेतली आहे. तिच्या इंजिनाला जोडलेला धूर गोळा करणारा बिडाचा भाग काढून त्या जागी पोलादी नळ्यांचा नवा संच, ज्याला तिकडे ‘हेडर’ म्हणतात, तो त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बसवला. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. एक स्टड तुटला, बोटे सोलवटली, आणि शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, “सर, पदवीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.”

वरवर पाहता हा एका हौशी तरुणाचा खासगी उद्योग आहे. वृत्तपत्राच्या या पानावर त्याची दखल घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला या एका नळीत आजच्या काळातील एक मोठा सार्वजनिक वाद गुंडाळलेला दिसतो. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क नेमका कोठपर्यंत चालतो? ती उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा, बदलण्याचा अधिकार कोणाचा, मालकाचा की कारखानदाराचा? आणि त्या वस्तूच्या वापराचा परिणाम शेजाऱ्याच्या फुप्फुसावर होत असेल, तर त्या अधिकाराची सीमा कोणी आखायची? हे प्रश्न आज अमेरिकेत कायदेमंडळांत, न्यायालयांत आणि मतपेटीतही उपस्थित झाले आहेत. आपल्याकडेही ते दाराशी आले आहेत.

प्रथम ती नळी काय काम करते ते पाहू. चार सिलिंडरांच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये आळीपाळीने जळते आणि जळालेला वायू बाहेर फेकला जातो. हा वायू एकत्र करून पुढील धूरनळीत सोडण्यासाठी कारखाना इंजिनाला बिडाचा एक आखूड, जाडजूड भाग जोडतो. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असे नाव आहे. तो स्वस्त पडतो, कमी जागेत मावतो, आवाज दाबतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याचा दोष असा, की त्याच्या आखूड वळणांत एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो आणि तो बाहेर ढकलण्यात इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. या नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या असतात आणि पुढे जाऊन एकत्र मिळतात. एका नळीतून वेगाने गेलेला वायूचा झोत मागे हवेचा दाब कमी करतो आणि पुढच्या सिलिंडरचा वायू ओढून घेण्यास मदत करतो. त्यामुळे इंजिन मोकळेपणाने श्वास सोडते. लाभ म्हणाल तर बेताचाच. या गाडीचे इंजिन नवे असताना १२८ अश्वशक्तीचे होते. त्यात हेडरने भर पडली तरी ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? काम सोपे नाही. बॅटरीची तार सोडवायची, गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवायची, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग उष्णतारोधक पत्रा काढायचा, ऑक्सिजन मोजणारा संवेदक हलक्या हाताने सोडवायचा, आणि तीस वर्षे तापून-निवून जाम झालेल्या नटांवर तेल सोडून रात्रभर वाट पाहायची. इतके करूनही एखादा स्टड तुटतोच, आणि तो इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या शीर्षात अडकला तर तो बाहेर काढण्यासाठी सरळ रेषेत, अत्यंत सावकाश भोक पाडावे लागते. तिथे हात चुकला तर नळीचे काम इंजिनावर बेतते. नंतर नवे गॅस्केट, नवे नट, आतून बाहेरच्या क्रमाने आणि ठरावीक जोरानेच आवळणे, इंजिन तापवून, थंड करून पुन्हा एकदा आवळणे, आणि कोठे गळती होत नाही ना हे कान लावून तपासणे. माझ्या विद्यार्थ्याला हे सारे करायला चार दिवस लागले. व्यावसायिक गॅरेजने ते बहुधा एका दिवसात उरकले असते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकी हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा वाटतो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलेल्या वेळेच्या वाटपाच्या सिद्धान्ताने कुटुंबाकडे एका लहानशा कारखान्याच्या दृष्टीने पाहायला शिकवले. घरात वस्तू विकत आणल्या जातात, त्यांत वेळ मिसळला जातो आणि त्यातून समाधान निर्माण होते. ज्याच्या वेळेला बाजारात जास्त मोल, त्याने घरची कामे दुसऱ्याकडून करून घ्यावीत असा त्याचा साधा निष्कर्ष निघतो. अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर जाते, त्यामुळे मध्यम पगाराच्या माणसाने स्वतः पाना हाती घेणे तिथे हिशेबातही बसते. पण माझ्या विद्यार्थ्याचा हिशेब मजुरी वाचवण्याचा नव्हता. त्याच्या दृष्टीने ते श्रम हाच उपभोग होता. आठवडाभर संगणकासमोर बसून दुसऱ्याच्या आकड्यांची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला ज्याचा आरंभ, शेवट आणि फळ डोळ्यांना दिसते असे काम हवे असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत या चार दिवसांची नोंद कोठेही होणार नाही. नोंद होईल ती फक्त विकत घेतलेल्या नळ्यांची. आपल्या मोजपट्ट्यांचा हा जुना दोष आहे, आणि गृहिणीच्या श्रमांच्या संदर्भात तो आपण पुष्कळदा चर्चिलेला आहे.

या छंदाला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात युद्धावरून परतलेले, यंत्रांशी हात बसलेले तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन, त्यांची इंजिने खोलून, त्यांना अधिक वेगवान करून कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट मैदानांवर शर्यती लावीत. या छंदाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ हे मासिक १९४८ साली निघाले. सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने त्याच गल्लीबोळांतून उभे राहिले आणि १९६३ साली त्यांची ‘सेमा’ या नावाने ओळखली जाणारी व्यापारी संघटना स्थापन झाली. आज तो एक बलाढ्य उद्योग आहे आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचा शब्द ऐकला जातो.

नियतीचा खेळ असा, की ज्या लॉस एंजेलिसने या छंदाला जन्म दिला त्याच शहराने त्याच्यावर पहिले बंधनही घातले. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे, घसा जाळणारे धुके उतरले. लोकांना सुरुवातीला एका कारखान्याचा संशय आला. तो कारखाना बंद केला तरी धुके गेले नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मिट या कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींतून व तेल शुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकमेकांशी संयोग पावून हे विष तयार करतात. म्हणजे गुन्हेगार एखादा कारखानदार नव्हता. गाडी चालवणारा प्रत्येक नागरिक होता. मोटार उद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. अखेर १९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली सबंध अमेरिकेसाठी शुद्ध हवा कायदा झाला आणि मोटारींचे प्रदूषण काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी घटवण्याचे बंधन कारखानदारांवर आले.

त्यातून १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. धूरनळीच्या वाटेत बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि पुढील काळातील सुधारित डब्यांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. शिसे मिसळलेले पेट्रोल हा लेप निकामी करते म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आणावे लागले. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींसाठी हे दोन्ही १९९५ साली आले. वीस वर्षांचे हे अंतर आपल्या धोरणकर्त्यांनी विसरू नये.

या डब्याचा स्वभाव समजून घेतला की हेडरभोवतीचा वाद उलगडतो. थंड डबा काम करीत नाही. तो सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापला की मगच त्याची क्रिया सुरू होते. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच तिचे बरेचसे प्रदूषण होऊन जाते. ते टाळण्यासाठी अभियंत्यांनी हा डबा हळूहळू इंजिनाच्या जवळ सरकवत आणला. आजच्या अनेक गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या जुन्या गाडीत तो पुढे, वेगळा होता. म्हणून डब्याला हात न लावता हेडर बदलता आला. परंतु पुष्कळशा नव्या गाड्यांत मॅनिफोल्ड काढणे म्हणजेच डबा काढणे. बाजारात मिळणारे लांब नळ्यांचे हेडर बसवायचे तर डबा मागे सरकवावा लागतो किंवा काढूनच टाकावा लागतो, आणि त्याची उणीव लपवण्यासाठी गाडीच्या संगणकालाही खोटे बोलायला शिकवावे लागते. एका निरुपद्रवी छंदाचे रूपांतर येथे कायद्याच्या उल्लंघनात होते. अमेरिकी संघराज्याचा कायदा उत्सर्जन-नियंत्रक यंत्रणा निकामी करण्यास मनाई करतो. त्यात सार्वजनिक रस्ता आणि खासगी गॅरेज असा भेद नाही.

शर्यतीच्या हौशी मंडळींचा युक्तिवाद असा, की आम्ही ही गाडी केवळ मैदानावरच्या शर्यतीत चालवतो, मग आमच्यावर रस्त्याचे नियम का? २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने एका मोठ्या नियमावलीच्या मसुद्यात, रस्त्यासाठी प्रमाणित झालेली गाडी शर्यतीसाठीसुद्धा बदलता येणार नाही असा अर्थ निघेल अशी वाक्ये घातली. २०१६ च्या आरंभी ती उजेडात येताच गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये संस्थेने ती मागे घेतली. त्याच वर्षी शर्यतीच्या गाड्यांना कायद्याने मोकळीक देणारे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले गेले; त्यानंतर ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. या मंडळींची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. थोड्याशा शर्यतगाड्यांचा धूर ही राष्ट्रीय आपत्ती नव्हे.

परंतु ‘शर्यतीसाठी’ ही पाटी किती फसवी असू शकते हे त्याच संस्थेने २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या एका अहवालाने दाखवून दिले. मागील दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकण्यात आली, असा त्याचा अंदाज होता. या ट्रकांच्या आयुष्यभरात त्यामुळे हवेत जाणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांचा जादा भार ५ लाख ७० हजार टनांवर जातो, आणि हवेवरील परिणामाच्या दृष्टीने हे म्हणजे रस्त्यावर नव्वद लाख जादा ट्रक आणण्यासारखे आहे. साडेपाच लाख मालकांपैकी प्रत्येकाने ‘माझ्या एका गाडीने काय होणार?’ असेच म्हटले असेल. एकेकट्याच्या दृष्टीने ते खरेही होते. पण त्या साऱ्यांची बेरीज खोटी ठरली.

पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रात नेमका हाच मुद्दा मांडला होता. व्यक्तीला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत जेथे तफावत पडते तेथे बाजार आपोआप योग्य उत्तर देत नाही. तेथे शासनाला हस्तक्षेप करावा लागतो. पुढे १९६० मध्ये रोनाल्ड कोज यांनी त्यावर आक्षेप घेतला, की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल तर दोन पक्ष आपसांतच तोडगा काढतील. पण तो ‘नगण्य’ शब्दच येथे अडतो. एका गाडीचा धूर घेणारे लाखो लोक आणि धूर सोडणारे लाखो मालक यांनी कोणत्या पारावर बसून वाटाघाटी करायच्या? म्हणून हवेच्या बाबतीत कायद्याला पर्याय नाही, हे माझे ठाम मत आहे.

मात्र नाण्याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे, आणि पर्यावरणाच्या उत्साहात तिच्याकडे दुर्लक्ष होते. कारखानदाराला स्वच्छ हवेविषयी जेवढी आस्था असते त्याहून अधिक आस्था आपल्या दुरुस्तीच्या धंद्याविषयी असते. विकलेल्या गाडीतून पुढची पंधरा वर्षे उत्पन्न येत राहावे, तिचे सुटे भाग, तिची हत्यारे, तिच्या संगणकाची भाषा आपल्याच हाती राहावी, ही त्याची इच्छा स्वाभाविक आहे. अमेरिकी काँग्रेसने १९७५ च्या हमीविषयक कायद्याने ‘आमचाच सुटा भाग वापरला नाही तर हमी रद्द’ अशी अट घालण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. तरीही हा लढा संपला नाही. तो लोखंडातून संगणकात गेला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी प्रचंड बहुमताने गाडी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणारा कायदा मंजूर केला आणि २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतांनी तो बिनतारी माहितीपर्यंत वाढवला. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्यांना शेतीची यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये संघराज्याच्या व्यापार आयोगाने ट्रॅक्टर बनवणाऱ्या डीअर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटला भरला.

या वादात कंपन्यांनी अनेकदा पुढे केलेली ढाल म्हणजे प्रदूषणाचा कायदा. लोकांना यंत्र उघडू दिले तर ते उत्सर्जनाशी छेडछाड करतील, असा त्यांचा दावा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये पर्यावरण संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनीच शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला लिहून कळवले की शुद्ध हवेचा कायदा दुरुस्तीवर निर्बंध घालण्याचे निमित्त होऊ शकत नाही. आणि ज्यांना कंपन्यांच्या सचोटीवर फार विश्वास आहे त्यांनी सप्टेंबर २०१५ आठवावा. फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात, चाचणीच्या वेळी सभ्य आणि रस्त्यावर बेलगाम वागणारी आज्ञावली कारखान्यातच घातल्याचे त्या महिन्यात उघड झाले. घरच्या गॅरेजमध्ये एकेकट्याने केलेली चोरी आणि जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ठरवून केलेली चोरी, यांत मोठी कोणती?

तेव्हा या दोन हक्कांची गल्लत करता कामा नये. दुरुस्ती म्हणजे वस्तू मूळ गुणावर परत आणणे. बदल म्हणजे तिला वेगळा गुण देणे. दुरुस्तीचा हक्क मालकीच्या हक्कातून सरळ निघतो आणि तो जवळजवळ निरपवाद असावा. बदलाचा हक्कही मालकीतूनच निघतो, पण त्याला शेजाऱ्याच्या नाकापाशी थांबावे लागते. कायद्याने पाना कोणाच्या हातात आहे हे विचारू नये. नळीच्या शेवटी काय बाहेर पडते ते विचारावे.

याबाबतीत कॅलिफोर्नियाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. त्या राज्यात उत्सर्जनावर परिणाम करू शकणारा बदली भाग बनवणाऱ्याने तो हवा मंडळाकडे तपासणीसाठी न्यावा. त्या भागाने प्रदूषण वाढत नाही असे सिद्ध झाले की मंडळ त्याला एक आदेश-क्रमांक देते. मग कोणीही मालक तो भाग आपल्या गाडीला बिनदिक्कत, हवा तर आपल्या हाताने, बसवू शकतो. बहुतेक गाड्यांची दर दोन वर्षांनी धूरतपासणी होते. तेव्हा तपासनीस हा क्रमांकही पाहतो. माझ्या विद्यार्थ्याने असा क्रमांक असलेलाच हेडर निवडला, थोडे अधिक पैसे मोजून. या पद्धतीत उणिवा आहेत. तपासणीचा खर्च छोट्या उत्पादकाला जड जातो, काळ लागतो, आणि मोठे उद्योग त्याचा लाभ अधिक घेतात. तरी तत्त्व योग्य आहे: सिद्ध करण्याची जबाबदारी भाग बनवणाऱ्यावर, निवडण्याचे आणि बसवण्याचे स्वातंत्र्य मालकाला, आणि अखेरचा पुरावा धुराचा.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरात रविवारची सकाळ म्हणजे स्कूटरची सकाळ असे. वडील प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, कार्ब्युरेटर साफ करीत, आणि तरीही ती सुरू झाली नाही तर तिला एका अंगाला तिरकी करून पुन्हा किक मारीत. त्या पिढीला यंत्राची भीती नव्हती. आजच्या दुचाकीत इंधनाचे नियंत्रणही संगणकाकडे आहे. ती अधिक स्वच्छ आहे, अधिक भरवशाची आहे, पण मालक तिच्यापुढे रुग्णाच्या नातेवाइकासारखा हात बांधून उभा असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनी आपली हवा सुधारण्याच्या दिशेने मोठे पाऊल टाकले हे मान्य करूनही, या बदलाचा दुसरा अर्थ नजरेआड करता येणार नाही.

आपला कायदा बदलाच्या बाबतीत कडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो. मध्यरात्री रुग्णालयासमोरून फटाके फोडल्यासारखी बुलेट नेणाऱ्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. पण तो सायलेन्सर बनवणारा आणि दुकानात उघड मांडून विकणारा कोठे आहे? रोलर नेहमी शेवटच्या ग्राहकावरून फिरतो. उत्पादनाच्या आरंभापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. शिवाय ज्याला आवाज आणि धूर न वाढवणारा चांगला पर्यायी भाग बनवायचा आहे, अशा कोल्हापूर किंवा भोसरीच्या लघुउद्योजकाला आणि तो बसवू पाहणाऱ्या मालकाला कॅलिफोर्नियासारखी सुटसुटीत, सर्वांना ठाऊक असलेली वाट आपण आखून दिलेली नाही.

दुरुस्तीच्या बाबतीतले चित्रही असेच अर्धवट आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याबद्दल एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. हा निर्णय मूलगामी होता, पण पुढे प्रकरण अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि वाहने व शेतीची अवजारे यांचा त्यात समावेश केला. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आजही अनेक नव्या गाड्यांचा संगणक वाचता येत नाही, आणि वाचता आला तरी काही दोष पुसण्याची परवानगी कंपनीच्या केंद्रालाच असते. चाळीस वर्षांचे हस्तकौशल्य असलेला हा माणूस केवळ माहितीच्या अभावी धंद्यातून बाहेर फेकला जात असेल, तर ती कार्यक्षमता नव्हे. ती मक्तेदारी आहे.

यातून मार्ग निघतो तो तीन गोष्टींनी. दुरुस्तीची माहिती आणि हत्यारे वाजवी किमतीत सर्वांना देण्याचे कायदेशीर बंधन कंपन्यांवर हवे. बदली भागांच्या प्रमाणनाची, लघुउद्योगाला परवडेल अशी सरकारी व्यवस्था हवी, आणि तिचा क्रमांक नसलेला भाग विकणे हाच मुख्य गुन्हा मानला जावा. आणि तिसरी, सर्वांत कठीण: आपली धूरतपासणी प्रामाणिक व्हावी. नळीत काडी न घालताच हाती पडणारे प्रमाणपत्र ज्या व्यवस्थेत शक्य आहे तेथे पहिल्या दोन सुधारणांना अर्थ उरत नाही. धुराचा पुरावाच खोटा असेल तर मालकाला स्वातंत्र्य देणेही धोक्याचे आणि नाकारणेही अन्यायाचे ठरते.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीची धूरतपासणी गेल्या आठवड्यात झाली. तपासनिसाने बॉनेट उघडले, हेडरवरचा क्रमांक पाहून नोंदवला, आणि गाडी उत्तीर्ण झाली. ही नळी कोणी बसवली, असे त्याने एकदाही विचारले नाही. तो तेवढा प्रश्न न विचारणारी आणि धूर मात्र काटेकोर तपासणारी व्यवस्था आपल्याकडे कधी येईल, हे आपल्या कायदेमंडळांनी जितक्या लवकर मनावर घेतले तितके बरे. नाहीतर पुढच्या पिढीच्या हाती वाहन असेल, त्याचे हप्तेही तीच फेडील, पण पाना मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपात असेल.